तिसरा आणि पाचवा पेला

टेबलावर छत्तीस पेले होते. सहा माणसं, प्रत्येकापुढे सहा. प्रत्येक पेल्यात पंधरा मिलिलिटर व्हिस्की आणि वास उडू नये म्हणून वर काचेची चकती. पाण्याचे दोन जग, सहा ड्रॉपर, एक थाळी बिनमिठाची बिस्किटं. पेल्यांवर एक ते सहा क्रमांक होते, पण व्हिस्की पाचच होत्या. तिसऱ्या आणि पाचव्या पेल्यात मी एकाच बाटलीतून ओतलं होतं, आणि हे फक्त मला माहीत होतं.

यात लबाडी नव्हती. बंगळूरमधल्या येलहंक्याच्या आमच्या प्रयोगशाळेत प्रत्येक चाचणीत एक नमुना न सांगता दोनदा ठेवतात. चाखणारा दोन्ही वेळा तेच लिहितो का, ते त्यावरून कळतं. ओतताना मीही हुंगलं होतं आणि वहीच्या शेवटच्या पानावर टिपून ठेवलं होतं: ‘टोक काढलेली पेन्सिल.’ मी चाखणाऱ्यांत नव्हते, म्हणून ते कुणाला सांगितलं नाही.

स्कॉच आयात करणाऱ्या एका छोट्या कंपनीला दिवाळीसाठी एक सिंगल कास्क निवडायची होती. म्हणजे एकाच लाकडी पिंपातली व्हिस्की. दुसऱ्या पिंपाचा थेंबही तिच्यात मिसळत नाहीत. ते पिंप संपलं की ती चव पुन्हा मिळत नाही.

ऑगस्टचा पहिला रविवार होता, सकाळचे साडेदहा. बाहेर पाऊस भुरभुरत होता. चाखणाऱ्यांतला एक जण अर्धा तास आधीच आला आणि न विचारता माझ्याबरोबर चकत्या ठेवू लागला. हा रविकिरण. त्याला सगळे ‘कंपनीचं नाक’ म्हणत. जरासुद्धा फट राहू न देता तो एकेक चकती बसवत होता. मला म्हणाला, ड्रॉपर स्वल्प तिरका धरा, थेंब सारखे पडतात. खरंच सारखे पडले.

“तुम्ही नाशिककडच्या ना?” त्यानं विचारलं.

“हो. मी सहा वर्षांची असताना वडिलांची इथे बदली झाली.”

“म्हणजे तुमचं मराठी उद्यान एक्सप्रेसनं आलं. आमचं चामराजपेटेतलं शहाजीराजांबरोबर आलंय, घोड्यावरून.”

“म्हणूनच त्याला वाटेत इतकं कन्नड लागलं.”

तो हसला. मी उगाचच पेले पुन्हा मोजले... छत्तीसच होते.

दीड वाजेपर्यंत सगळे कागद माझ्या हातात आले. पाच जणांनी तिसऱ्या आणि पाचव्या पेल्याला जवळजवळ तेच शब्द दिले होते आणि दोन्हींना सर्वांत जास्त गुण. चौथ्या चाखणाऱ्यानं तिसऱ्यापुढे लिहिलं होतं: ‘जळकी साखर, धूर, ओला दोर.’ आणि पाचव्यापुढे: ‘संत्र्याची साल, मध.’ अक्षर सुरेख होतं. ते रविकिरणचं होतं.

मी आधी माझीच चूक शोधली. बाटली तपासली, क्रमांक तपासले. मग दोन्ही पेल्यांतलं उरलेलं हुंगून पाहिलं. चूक माझी नव्हती.

बाकीचे जेवायला गेले, तो पेले धुवायला थांबला होता. मी दोन्ही ओळी त्याच्यापुढे ठेवल्या आणि तिसरा-पाचवा एकच असल्याचं सांगितलं. त्यानं नळ बंद केला.

“किती दिवस?” मी विचारलं.

“चौदा महिने. ताप आला होता. ताप गेला आणि वासही गेला.”

मग त्यानं सगळंच सांगितलं. रंग बघायचा, काचेवरून ओघळ कसा उतरतो ते बघायचं, दहा वर्षांच्या आठवणींतून शब्द काढायचे. कुणी हरकत घेत नाही, कारण एका पिंपासारखं दुसरं पिंप नसतंच. खोटं ठरवायचं तर ताडून बघणार कशाशी?

“तुम्ही पहिल्याच,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचाच मला त्रास झाला.

मी त्याला सांगितलं की अहवाल उद्या संध्याकाळी सहाला जाईल. त्यात नाव नसेल, क्रमांक असेल, पण ती ओळ मी गाळणार नाही. त्याआधी त्यानं स्वतः सांगावं.

“सरी, ठीक आहे,” तो म्हणाला आणि पेले धुऊ लागला.

सोमवारी चारला त्याचा फोन आला. त्यानं संहिता मॅडमना सांगितलं होतं. कंपनी त्यांची होती. त्या ओरडल्या नाहीत, पण चौदा महिन्यांत त्यानं लिहिलेलं प्रत्येक वर्णन त्यांनी काढून टाकायला लावलं आणि त्याला गोदामात दिवाळीच्या खोक्यांच्या कामावर पाठवलं. मग त्यानं विचारलं, गेलेला वास परत येतो का?

काहींचा येतो, मी म्हणाले. सराव करावा लागतो. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी, दिवसातून दोनदा, प्रत्येकी वीस सेकंद. मी त्याला चार बाटल्या भरून दिल्या. प्रगती मोजायला दर रविवारी चामराजपेटेत त्याच्या घरी जाऊ लागले.

मोजणं सोपं होतं. तो गच्चीवर डोळे मिटून बसायचा. मी पट्टी धरून लवंगेची बाटली तीस सेंटिमीटरवरून दर श्वासाला एकेक सेंटिमीटर जवळ आणायची. बाटली नाकाला टेकायची. तो मान हलवायचा. मी शून्य लिहायची.

त्याच्या आईला, महानंदाकाकूंना, हे कंपनीच्या आधीच कळलं होतं. नासलेल्या दुधाची कॉफी यानं ‘छान झालीय अम्मा’ म्हणत प्यायली, तेव्हाच. त्यांनी कधी विचारलं नाही. त्या दर रविवारी माझ्यासाठी जास्तीचा डोसा मात्र टाकू लागल्या.

ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. एकदा त्याच्या पापणीवर पावसाचा थेंब होता आणि मी बाटली पुढे सरकवायचंच विसरले. हे मी वहीत लिहिलं नाही.

बाराव्या रविवारी तो डोळे न उघडता म्हणाला, “आणि कधीच आला नाही तर?”

“तर तेरावं शून्य.”

“मग?”

“मग चौदावा रविवार.”

“वेदिका... मी वासाचं विचारत नाहीये.”

त्यानं पहिल्यांदाच मला नुसत्या नावानं हाक मारली होती. मी पट्टी खाली ठेवली. खाली रस्त्यावर कुणीतरी रिक्षा सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती तीनदा बंद पडली.

“मीही वासाचं सांगत नाहीये,” मी म्हणाले.

तेरावा रविवारही शून्याचा होता. चौदावा दिवाळीत आला. तिसऱ्या क्रमांकाची व्हिस्की सणाच्या खोक्यांतून शहरभर गेली होती, रविकिरणनं स्वतः भरलेल्या खोक्यांतून. प्रयोगशाळा नमुने तीन महिने राखून ठेवते. मुदत संपली होती, म्हणून मी तिच्या नमुन्याची छोटी बाटली पर्समध्ये आणली. काकू म्हणाल्या, ते वर गच्चीवरच असू दे, माझ्या स्वयंपाकघरात नको.

त्यानं डोळे मिटले. मी एक थेंब माझ्या मनगटावर घेतला. त्यातला मद्यार्क उडून जाईपर्यंत थांबले आणि तीस सेंटिमीटरपासून सुरुवात केली. वीस. पंधरा. दहा. माझी नाडी पट्टीवर उडत होती, म्हणून आकडा नीट वाचता येईना.

“थांब,” तो म्हणाला.

मी थांबले. त्यानं पुन्हा श्वास घेतला, मग आणखी एकदा, अगदी हळू.

“धूर नाही. संत्रं नाही... शाळा. कुणीतरी पेन्सिलला टोक काढलंय.”

मी वही उलटी केली, शेवटचं पान उघडून त्याच्या हातात दिलं आणि तो वाचत असताना माझं मनगट तसंच धरून ठेवलं. मग वही परत घेऊन तारीख लिहिली. नमुना क्रमांक तीन. अंतर: सात सेंटिमीटर.