वरच्या घरातला गाहवा

सॅक भरून झाल्या? बरं. तन्मय, तो दिवा बारीक कर आणि दोघं इकडे बाल्कनीत या. उद्या सकाळी रास अल खैमाच्या डोंगरात चालायला निघालात, म्हणून सांगतोय. एरवी ही गोष्ट मी दुबईत, करामातल्या या घरात काढत नाही, तुमची आई रागावते.

हस, वैभवी, खुशाल हस. "इट्स जस्ट अ वॉक, काका." तेही असंच म्हणाले होते.

आमची कंपनी तेव्हा शारजा इंडस्ट्रियल एरियात होती. एसीचे डक्ट बनवायचो. ड्रॉइंग सेक्शनला दोन पोरं, सुजीत आणि राजन. दोघंही पुण्याची आणि दोघंही डोंगरवेडी. इथं येऊन वर्षही झालं नव्हतं. ऑफिस ते खोली, खोली ते ऑफिस, एवढीच त्यांची दुबई. राजनची बायको साधना जूनमध्ये येणार होती, व्हिसा लागला होता. त्यानं इथं मागच्याच गल्लीत जागा घेतली होती आणि पडदेसुद्धा स्वतः लावले होते. ती आली की संसार सुरू, तेव्हा त्याआधी एक वीकेंड मनसोक्त चालून येऊ, असं दोघांनी ठरवलं.

आमच्या स्टोअरला मोहिद्दीन होता. मूळचा रत्नागिरीचा, पण लहानाचा मोठा झाला इथंच. त्यानं कपाळाला हात लावला. "अरे, मे महिन्यात तिथं बकऱ्यासुद्धा सावली सोडत नाहीत. ऑक्टोबरला जा ना. इन्शाल्ला, मीपण येतो."

"मोहिद्दीनभाई, आम्ही मे महिन्यात सह्याद्री चढणारी माणसं," राजन म्हणाला. शहाणपण सांगायला गेलं की असं उत्तर मिळतं. तुम्हीही तेच देता.

तेरा मे एकोणीसशे नव्व्याण्णव. गुरुवार, हाफ डे, तेव्हा इथं सुट्टी शुक्रवारची असायची. अमावास्या दोन दिवसांवर होती. वादीच्या तोंडाशी, म्हणजे त्या कोरड्या नदीच्या पात्राशी गाडी लावली आणि ऊन कलल्यावर दोघं चढायला लागले. वर एक ओस पडलेलं दगडी गाव आहे, तिथं रात्री झोपायचं आणि शुक्रवारी सकाळी उतरायचं, असा बेत होता. सुजीत सांगायचा, पहिले दोन तास फार मजेत गेले. राजन गात होता.

अंधार पडता पडता राजनचा पाय घसरला. आपल्याकडच्या डोंगरात माती असते, गवत असतं, धरायला काहीतरी मिळतं. इथं नुसती खडी. तो पाठीवर आपटत खाली गेला. घोट्यातून पाय मोडला आणि पाठीवरच्या सॅकमधला पाण्याचा कॅन फुटला. राहिली अर्धी बाटली. मोबाईलला रेंज नाही. मोडक्या पायाच्या माणसाला घेऊन त्या अंधारात उतरणं शक्य नव्हतं, आणि सकाळी ऊन चढलं की अर्ध्या बाटलीवर माणूस किती तग धरणार?

तेवढ्यात सुजीतला वर दिवा दिसला. पिवळा, छोटा, फार लांबही नव्हता.

"तू जा," राजन म्हणाला. "पाणी मिळालं तर बघ. मी शिट्टी वाजवत राहतो, म्हणजे परत येताना चुकणार नाहीस." बाटली सुजीतनं त्याच्यापाशीच ठेवली आणि टॉर्च घेऊन वर निघाला.

ते एक दगडी घर होतं, निम्मं जमिनीत गेलेलं. डोंगरातले लोक अशा घरांत धान्य ठेवायचे आणि उन्हाळा आला की कुलूप लावून खाली समुद्राकाठी जायचे. मे महिन्यात तिथं कोणी नसतं. हे सुजीतला ठाऊक नव्हतं.

दार एवढंसं. पार वाकून, गुडघ्यांवर आत जावं लागलं. आत जमीन खोल होती, कोपऱ्यात माणसाएवढे रांजण. मधोमध चटईवर एक म्हातारा बसलेला. पांढरी दाढी, पुढ्यात लांब चोचीची किटली.

"तफद्दल," म्हातारा म्हणाला. या, बसा.

"पानी, बाबा. मेरा दोस्त नीचे है. पैर टूटा है. पानी चाहिए." सुजीतनं हातानं खाली दाखवलं, तोंडाशी ओंजळ नेऊन दाखवली. म्हाताऱ्यानं मान डोलावली. नीट ऐकून घेतलं त्यानं, सगळं. मग चटईकडे बोट केलं आणि किटली उचलली.

गाहवा. अरबी कॉफी, वेलदोडा घातलेली. बिनकानाच्या इवल्याशा कपात देतात, त्या कपाला फिंजान म्हणतात. सुजीतला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा मान ठेवावा, एक घोट घ्यावा, मग पाणी मागावं. आपल्याकडे कुणी दिलेलं उष्टं टाकत नाहीत. लहानपणापासून अंगात मुरलेलं. त्यानं कप तळापर्यंत रिकामा केला आणि पुढे केला.

म्हाताऱ्यानं पुन्हा ओतला.

तोही प्यायला. पुन्हा ओतला. "शुक्रन, बस," सुजीत म्हणाला. म्हातारा ओतत होता. "खलास, बाबा, खलास." ओतला. कपावर हात ठेवला, तर म्हातारा किटली वर धरून थांबला. थांबलाच. किटली हलेना, डोळ्याची पापणी लवेना. शेवटी सुजीतनंच ओशाळून हात काढला... आणि धार लागली.

खालून शिट्टी ऐकू येत होती.

सुजीतनं कप जमिनीवर ठेवला. म्हाताऱ्यानं तो उचलून परत त्याच्या हातात दिला. बोटं गार होती. तेव्हा त्याचं लक्ष चुलीकडे गेलं. चुलीत विस्तव नव्हता. राखही नव्हती. किटलीतून वाफ मात्र येत होती.

तो उठायला गेला. पाय उचलेनात. मुंग्या आल्या असतील म्हणून मांडी बदलली. पाय त्याचेच होते, दिसत होते, पण उठत नव्हते. मागे वळून पाहिलं.

दार कुठल्या भिंतीत होतं, ते कळेना.

शिट्टी. मग बराच वेळ काही नाही. मग शिट्टी, पण बारीक.

"मेरा दोस्त मर जाएगा, बाबा."

मान डोलली. धार लागली.

किती प्यायला, त्याला सांगता येत नसे. पोट फुगलं होतं. घशाशी येत होतं. आणि खाली राजनच्या ओठांना थेंब नव्हता... प्रत्येक घोट गिळताना हेच मनात. तरी कप रिकामा होत होता. हात आपोआप पुढे जात होता.

शिट्टी थांबली.

सुजीत ऐकत राहिला.

काही नाही.

तेव्हा मात्र तो रडायला लागला. लहान मुलासारखा, हुंदके देत. सगळं अंग हलत होतं. हात हलत होता. हातातला कप इकडून तिकडे... थरथर... थरथर...

म्हाताऱ्यानं किटली खाली ठेवली.

कप त्याच्या हातातून काढून घेतला. अंगरख्याच्या टोकानं पुसला. आणि उठला. एका हातात किटली, एका हातात तोच कप. वाकला. दार होतं तिथंच, समोर. बाहेर पडला, आणि खाली चालू लागला.

सुजीत रांगत बाहेर आला तेव्हा खालून शिट्टी वाजली. एकदाच. मोठ्यानं. मग नाही वाजली.

उजाडता उजाडता तो राजनपाशी पोचला. राजन जिवंत होता. दगडाला टेकून बसलेला, डोळे उघडे. अर्धी बाटली जशीच्या तशी, झाकणही फिरवलेलं नाही. आणि उजवा हात छातीपुढे धरलेला. असा. अंगठा आणि दोन बोटं. मध्ये काहीच नाही.

हाक मारली, ओ नाही. हात खाली करायला गेला, तर होईना. मग सुजीत गाडीपर्यंत पळत गेला आणि पोलीस घेऊन आला. पोलिसांनी वरचं घरही पाहिलं. बाहेरून लाकडी कुलूप होतं. काढायला त्यांना कुऱ्हाड लागली.

डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार असेल, वेळ लागेल. साधना आली ती पडद्यांच्या घरात नाही, हॉस्पिटलात आली आणि त्याला पुण्याला घेऊन गेली.

मोहिद्दीननं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं? फिंजान हलवायचा असतो. असा, मनगटानं, दोनदा. म्हणजे पुरे झालं. नाही हलवला तर घरधनी ओततच राहतो. पाहुण्याला तो स्वतःहून नाही म्हणूच शकत नाही."

आता हसत नाहीस, वैभवी.

मागच्या डिसेंबरात रजेवर गेलो होतो, तेव्हा राजनला भेटून आलो. खिडकीशी खुर्चीत बसतो. बोलत नाही. हात तसाच. थोड्या थोड्या वेळानं तो हात तोंडाशी नेतो, मान जरा मागे टाकतो, आणि खाली आणून पुढे करतो. दिवसभर. झोपेतसुद्धा, साधना म्हणाली. सुजीत दरवर्षी येतो, त्याचं मनगट धरतो, हलवतो, आणि रडत निघून जातो. मीही हलवून पाहिलं. फार वाईट वाटलं मला. अरे, घरधन्याला दिसायला नको का? तो कुठे होता तिथं?

मी बसलो होतो तेवढ्यात त्यानं हात पुन्हा वर नेला. मान मागे टाकली.

गळा हलला. गुटकन.

साधनानं सवयीनं नॅपकिन उचलला आणि त्याचे ओठ टिपले. मग तो उलगडून माझ्यापुढे धरला. पिवळट डाग होता, ओला. वेलदोड्याचा वास येत होता.

"धुतले तरी जात नाहीत," ती म्हणाली, आणि कपाट उघडून दाखवलं. असे नॅपकिन घडी घालून वरपर्यंत रचले होते.