तांबड्या तलावाचा तळ

"पाण्यात माती कोणी कालवली?" व्यवस्थापक काका गरजले.

झिपरी आणि तिचा चुलतभाऊ लंबू पोहण्याच्या तलावाकाठी थिजलेच. काल भरला तेव्हा पाणी कसं काचेसारखं होतं! आणि आज? अख्खा तलाव कोऱ्या चहासारखा!

"काका, आम्ही नाही—"

"तुम्हीच! सुट्टी लागल्यापासून इथेच हुंदडताय. चालते व्हा!"

झिपरीची आत्या तिथे जीवरक्षक होती. ती मध्ये पडली. "साहेब, पोरांचं राहू द्या. तळ दिसत नाहीये. उद्या लहानांचा पोहण्याचा वर्ग नको."

"रंगानं कोणी मरत नाही, बाई! वर्ग होणार म्हणजे होणार. जमत नसेल तर दुसरी जीवरक्षक आणतो."

आत्या मागे सरली. झिपरीने लंबूला बाजूला ओढलं. उद्याच्या वर्गात तिचा धाकटा भाऊ होता, मुंगी. इवलासा, कानात पाणी गेलं तरी रडणारा.

"बुडायला लागला तर ओरडेल ना तो," लंबू म्हणाला.

"तोंड पाण्यात असल्यावर ओरडणार कुठून? आत्या म्हणते, माणूस गपचूप बुडतो. दिसला तरच वाचतो."

लंबूने वाकून तळ शोधला. दिसेना.

"पण माती तर आपण टाकली नाही," झिपरी म्हणाली. "मग रंग आला कुठून? यंदा वेगळं काय झालं?"

"यंदा नळाचं पाणी पुरलं नाही. तलाव मागच्या विहिरीवरून भरला!"

दोघांनी दोन पांढऱ्या बादल्या भरल्या. एकीत साठवणीच्या टाकीतलं नळाचं पाणी, दुसरीत विहिरीचं. दोन्ही नितळ.

"आता तलावात टाकतात ते क्लोरीन," झिपरी म्हणाली.

"हात लावलास तर बघ! मी टाकते," म्हणत आत्याने हातमोजे चढवले आणि दोन्हींत चिमूट चिमूट पूड सोडली.

नळाचं पाणी तसंच राहिलं. विहिरीचं आधी पिवळं पडलं, मग तांबूस!

"गंज!" लंबू ओरडला.

"विहिरीच्या पाण्यात लोखंड विरघळलेलं असणार," आत्या म्हणाली. "एरवी दिसत नाही. क्लोरीन पडलं की असं बाहेर येतं."

बादल्या पाहून काका हसले. "छान! शाळेत दाखवा. विष तर नाही ना? मग झालं!"

आता बोलून उपयोग नव्हता. आत्याच्या खोलीत बुडणाऱ्याला काढण्याच्या सरावाचा बाहुला होता, लहान मुलाएवढा, जड. सकाळी फाटक उघडण्याआधी झिपरी तो उचलायला गेली, तेव्हा आत्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. "मी काही पाहिलं नाही हं."

थोड्याच वेळात टोप्या घातलेली चिमुरडी रांगेत उभी राहिली. मागे त्यांचे आईबाप. काका ऐटीत काठावर आले.

"काका," झिपरीने मोठ्याने विचारलं, "पाण्यात कोणी नाही ना? नीट बघून सांगा."

"कोणी नाही! तुला दिसत नाही का?"

लंबूने पाण्यात सोडलेली दोरी ओढली.

आधी हात वर आला. एक आई किंचाळली. मग डोकं, मग पिवळा सदरा. काकांच्या पायांशीच!

"बाहुला आहे," झिपरी म्हणाली. "पण... पण खरं मूल असतं तर?"

आईबापांनी आपापली पोरं मागे ओढली. मुंगी तेवढा रांगेतून तणतणत आला. "ताई! माझा सदरा त्याला का घातलास?"

झिपरीने त्याला असं आवळून धरलं, की तो सदरा विसरून "अगं, सोड!" म्हणून ओरडू लागला.

काकांनी वाकून बाहुल्याचा ओला सदरा चाचपला. मग म्हणाले, "वर्ग बंद. सगळ्यांनी घरी जा."

मग कामाला सुरुवात झाली. गंजाचे कण एकत्र येऊन तळाशी बसावेत म्हणून आत्याने औषध घातलं. खालचा तांबडा गाळ पंपाने ओढून बाहेर सोडला. गाळणी सारखी चालू ठेवली आणि तुंबली की उलट्या धारेने धुतली. विहिरीच्या नळीला लोखंड अडवणारी वेगळी गाळणी बसली, तेव्हाच नवं पाणी आत आलं. हळूहळू तळाच्या फरशा दिसू लागल्या.

वर्ग सुरू झाला त्या दिवशी काकांनी सगळ्यांसमोर झिपरीच्या आणि लंबूच्या पाठीवर हात ठेवला. "माती यांनी कालवली नव्हती. डोळे मीच मिटले होते. शाबास, पोरांनो!"

मुलं पाण्यात उतरली. काका काठाकाठाने चालत डोकी मोजू लागले. शेवटपर्यंत पोहोचले, थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले.

"साहेब, बसा आता," आत्या म्हणाली. "मी आहे ना?"

"तुम्ही आहातच," काका पाण्यावरची नजर न काढता म्हणाले. "मीही आहे."