पानगळीचा शब्द

लहानूने निंबाच्या बुंध्याला हात लावून नमस्कार केला, कुऱ्हाड उचलली आणि पहिला घाव घालायला पाय रोवले... तेवढ्यात भीमाबाई ओसरीवरून ताडताड उतरल्या आणि बुंध्याला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"कुऱ्हाड खाली ठेव, लहानू. झाड आज पडत नाही."

सक्करदऱ्याच्या त्या गल्लीत भीमाबाईंनी शब्द फिरवल्याचं आजवर कोणी ऐकलं नव्हतं, आणि हा शब्द तर त्यांनी आपण होऊन दिलेला! बांगलादेशच्या लढाईआधीच्या पावसाळ्यात विश्वनाथ, त्यांचा एकुलता एक लेक, म्हणाला होता की निंबाच्या जागी एक खोली काढू. लग्नाला चार वर्षं झाली तरी आपण नवराबायको स्वयंपाकघरातच अंथरूण टाकतो. तेव्हा भीमाबाईंनीच महिना ठरवला होता. पावसाळ्यात झाडाच्या अंगात पाणी असतं, लाकडाला कीड लागते; चैत्रात फुलोरा येतो, मग पाखरं घरटी बांधतात; फाल्गुनात पानं गळाली, झाड झोपलं, की नवी पालवी फुटायच्या आत पाडावं, असं त्यांनी सगळ्यांसमक्ष सांगितलं होतं. आता फाल्गुन लागला होता, निंब उघडाबोडका झाला होता, भिंतीकडेला विटाही येऊन पडल्या होत्या.

"माय, महिना तूच सांगितला होता ना?" विश्वनाथने विचारलं.

"सांगितला होता. आता नाही म्हणून राहिले."

"काहून पण?"

भीमाबाईंनी कावळ्यांचं नाव पुढे केलं, घरटी मोडतील म्हणाल्या. निष्पर्ण झाडावर एक काडीसुद्धा नव्हती. लहानूने तोंडावर हात धरून हसू दाबलं, आणि अपमानाने विश्वनाथच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

"आमचं सुख तुले पाहवत नाही, असं सरळ सांग."

"तसं समज," त्या म्हणाल्या, आणि वळून आत गेल्या.

स्वयंपाकघराच्या दारात त्यांची सून देवकी उभी होती, पांढरीफटक. भीमाबाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर त्यांच्या डोळ्यांनी सारं सांगून टाकलं असतं...! आठवड्यापूर्वी जवस भाजताना पोरीने पदर नाकाला लावला होता, आणि त्याच क्षणी त्यांच्या अनुभवी अंतःकरणाने सारं ओळखलं होतं. याआधी दोनदा बातमी गल्लीभर झाली होती, आणि दोन्ही वेळा त्या बिचारीची कूस रिकामी झाली होती. यावेळी तिने नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. आणि घरात दोन जीवांची बाई असताना अंगणातल्या जित्या झाडावर कुऱ्हाड चालवू नये, हे भीमाबाईंनी आपल्या सासूकडून ऐकलं होतं. खरं की खोटं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. तपासून पाहण्याएवढ्या त्या शिकल्या नव्हत्या, आणि तपासून पाहायची ही गोष्टही नव्हती. कारण सांगावं, तर पोरीने गच्च मिटलेली मूठ चारचौघांत उघडावी लागली असती. त्यापेक्षा आपला शब्द मोडलेला काय वाईट...?

विश्वनाथने बोलणं सोडलं. तो खापरखेड्याच्या वीजघरात नोकरीला होता. तिथल्या कॉलनीत त्याने क्वार्टर मागितलं, आणि ते मिळालंही. चैत्रात सामान न्यायला टेम्पो दाराशी उभा राहिला. निंब पांढऱ्या फुलांनी डवरला होता, आणि ओसरीवर तांदूळ-नारळ घेऊन बसलेल्या भीमाबाई मनाला समजावत होत्या, की जाऊ दे, घर रिकामं होईल, चुलीवर एकटीपुरता चहा चढेल, पण हिची कूस तेवढी भरलेली राहू दे. खाली मान घालून देवकी ओटी घ्यायला समोर बसली. विश्वनाथ पेटी खांद्यावर घेता घेता, कितीतरी दिवसांनी उत्साहाने, तिला सांगत होता की आपल्या क्वार्टरसमोर विजेची नवी लाइन जाऊन राहिली, सारी झाडं पाडून राहिले, मोकळं मैदान होईल.

तांदळाची ओंजळ वाटेतच थांबली.

"देवकी जाणार नाही."

"आता काय नवीन काढलं वं माय?"

"पाचवा महिना लागेपर्यंत ती कुठंच जाणार नाही. तुले जायचं तं तू जा, तुले कोणी धरलं नाही."

बोलून गेल्यावर भीमाबाईंना कळलं, की इतके दिवस दातांखाली धरलेलं आज सुटलं. देवकी उठली, आणि पुन्हा त्यांच्या पायांशीच बसली.

"आत्याबाई... तुम्हाले माहीत होतं?"

"जवस भाजताना पदर नाकाले लावला, तवापासून. मी काय आंधळी आहे?"

"मंग बोलल्या काहून नाही? सारी गल्ली तुम्हाले नावं ठेवून राहिली..."

"तू काहून नाही बोलली? तुह्या तोंडची गोष्ट मी कशाले काढू?"

देवकीने त्यांच्या मांडीवर डोकं टेकलं, आणि दोन वर्षांचं कोंडलेलं रडं त्या नऊवारीत रितं झालं. विश्वनाथ पेटी उतरवून त्या पेटीवरच मटकन बसला. डोळे पुशीत तो देवकीला म्हणाला की निदान मला तरी सांगायचं होतंस.

"तुले सांगितलं असतं, तं सांजेले खापरखेड्याच्या भोंग्यानं साऱ्या गावाले सांगितलं असतं," भीमाबाई म्हणाल्या, आणि टेम्पोवाल्याला चहा द्यायला उठल्या.

टेम्पो रिकामाच परत गेला. कार्तिकात नात झाली, काळीसावळी, आवाजाने आजीवर गेलेली. पुढच्या फाल्गुनात निंबाची पानं गळाली तेव्हा भीमाबाईंनीच लहानूला निरोप धाडला. आदल्या संध्याकाळी त्यांनी बुंध्याला हळद-कुंकू वाहिलं, तांब्याभर पाणी घातलं, आणि बराच वेळ झाडाशी काहीतरी पुटपुटत राहिल्या.

सकाळी लहानूने कुऱ्हाड उतरवली. "बाई, यंदा कावळ्यांची परवानगी घेतली का?"

"मले नको विचारू. सुनेले विचार."

देवकी ओसरीवर उभी होती. भीमाबाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत असं काही न्याहाळलं, की ती लाजून लाल झाली आणि तिने पदर तोंडाला लावला.

"पदर काहून लावला वं?"

"हसू येऊन राहिलं जी, आत्याबाई. दुसरं काही नाही. पाडू द्या."

भीमाबाईंनी मांडीवरच्या नातीचे कान दोन्ही हातांनी अलगद झाकले.

"पाड गा, लहानू."