डुलकी लागली की आम्ही पडायचो

"कोण मेलं ढकलतंय मला? या घरात घटकाभर आडवं व्हायची सोय नाही!"

सासूबाई माझ्या पाठीमागून पुटपुटल्या. आम्ही दोघी एकाच गोधडीवर पाठीला पाठ लावून पडलो होतो.

मी ढकललं नव्हतं.

मीही त्याच क्षणी दचकून उठून बसले होते...

हे सगळं खरं घडलेलं आहे. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत. ज्यांना पटणार नाही त्यांच्याशी वाद घालायचा दम आता माझ्यात नाही. तेरा वर्षांपूर्वीचा जुलै, मंगळवार, डोंगरांतल्या सुसामीरच्या कुरणावरचा आमचा लोकरी नमद्याचा तंबू. आणि वेळ भर दुपारची. अशा गोष्टींना रात्र शोभते, मला कळतं. पण घडलं ते दुपारी, मी काय करू?

उन्हाळ्यात कुरणावर अखंड झोप कुणाच्याच नशिबी नसते. घोड्यांची धार दर दोन तासांनी काढावी लागते. शिंगरू सोडा, घोडीला पान्हा फुटला की ओढा, पुन्हा बांधा. मधल्या वेळात जिथे जागा मिळेल तिथे पाठ टेकायची. डुलकीवर डुलकी, तीच आमची झोप.

त्या मंगळवारी डोळा लागता लागता पाय पायरीवरून चुकावा तसं झालं. हात आपोआप गोधडीला घट्ट.

असं सगळ्यांनाच होतं. तुम्हालाही झालं असेल.

पण आम्हा दोघींना एकदम झालं. आणि दाराशी टोपी तोंडावर घेऊन झोपलेले आमचे हे... तेही ताडकन उठले.

"कोण पडलं?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात बाहेर बादली पडल्याचा आवाज आला. पत्र्याची बादली दगडावर आदळून गडगडत जावी तसा.

मी बाहेर गेले.

आमच्या चारही बादल्या खुंटीला पालथ्या टांगलेल्या होत्या.

एने हसली. सासूबाईंना मी एने, म्हणजे आईच म्हणायचे. "जिपार, तुझा चहा फार कडक झालाय हल्ली."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिघं एकदम दचकलो. आणि नंतर तो बादलीचा आवाज.

या वेळी पायरी एक नव्हती... दोन-तीन होत्या.

गुरुवारी हे टेकडीवर गेले. मोबाइलला रेंज फक्त तिथल्या एका खडकावर. धाकटे दीर मॉस्कोत बांधकामावर होते, दर आठवड्याला त्यांचा फोन यायचा. आमच्यात सुनेनं सासरच्या पुरुषांची नावं घ्यायची नसतात, म्हणून मी त्यांना नुसतं 'धाकटे' म्हणायचे. एनेसाठी तो कुबात. शेंडेफळ. दही सुकवून केलेल्या गोळ्यांची पिशवी ती रोज थोडी थोडी त्याच्यासाठी भरत होती.

हे परत आले ते घोड्यावरून उतरलेच नाहीत. शिंगरं बांधतो त्या धारेच्या दोरापाशी मला बोलावलं.

"पडला," ते म्हणाले.

"किती लागलंय?"

ते खोगिराच्या वादीशी बोटं चाळवत राहिले.

"कधी?"

"मंगळवारी. दुपारी."

तिथली घड्याळं वेगळी चालतात. तो हिशेब मी केलेला नाही. करणारही नाही.

मी तंबूकडे वळले, तर यांनी घोड्यावरूनच वाकून माझी बाही धरली. "तोंड उघडायचं नाही. गावाहून काकांनी फोनवर बजावलंय. ते माणसं घेऊन येतील, रीतीनं सांगतील."

आमच्यात मरणाची बातमी कुणी एकट्यानं द्यायची नसते. वडीलधाऱ्यांनी यायचं, दोन्ही बाजूंनी बसायचं, हात धरायचे, आडवळणानं बोलत बोलत माणसाला तिथवर न्यायचं. रीत चांगली आहे. माझ्या वडिलांच्या वेळी माझे हात असेच कुणीतरी धरले होते.

पण त्यासाठी वडीलधाऱ्यांनी वेळेवर यावं लागतं ना!

काका शुक्रवारी येणार होते. शुक्रवारी निरोप आला, ओढ्यावरचा पूल वाहून गेला. शनिवारी निरोप, तलासहून थोरला चुलतभाऊ निघालाय, त्याला सोडून कसं सांगायचं? रविवारी निरोप, गाडीला टायर नाही. मयत मंगळवारी विमानानं येणार, हे सगळ्यांना ठाऊक. सगळ्या खोऱ्याला ठाऊक. शेजारच्या तंबूतली सोनुन तर मला बघितलं की डोळ्यांना रुमालाचं टोक लावायची, आणि एने दिसली की पटकन नाक शिंकरून म्हणायची, "सर्दी बाई!"

ठाऊक नव्हतं ते एका आईला. जिला सगळ्यांत आधी रडायचा हक्क, तीच शेवटच्या रांगेत.

"कुबातचा फोन होता का रे?" एनेनं यांना विचारलं.

"होता."

"जेवतो का?"

"जेवतो."

"काय जेवतो?"

हे बाहेर निघून गेले. घोड्याला उगाचच शिव्या घातल्या.

आणि रोज दुपारी आम्ही पडत होतो.

रोज थोडं जास्त.

शनिवारी मी मनात मोजलं. एक, दोन, तीन... तिनाला जाग आली. कानात वारा. तोंडात कोरडी, चुन्यासारखी चव. आमच्या तंबूत धूर, दूध आणि चामडं, एवढेच वास. चुना मी शाळा सोडल्यापासून पाहिला नव्हता.

मग बाहेर तो आवाज... गडगडत जाणारा.

रविवारी पाच आकडे झाले.

यांनी झोपणंच सोडलं. रात्रंदिवस घोड्यांमागे. मी उभ्या उभ्या पेंगायचे. "तुम्हालाही होतं ना हो?" मी विचारलं, तर म्हणाले, "मला काही होत नाही." आणि भरलेली चहाची वाटी तशीच ठेवून घोड्यांकडे निघाले. बायकांनी बोलायचं नाही, पुरुषांनी कबूल करायचं नाही. वा रे घर!

एने मात्र झोपत होती. उलट धार संपली की घाई करायची. "चला, पडू दे मला जरा." चेहरा एवढासा झाला होता. ओठ निळसर. मला भीती एकच वाटायची... हिला सांगायच्या आधी हीच डुलकीत गेली तर? मग काका कुणाचे हात धरणार?

सोमवारी मी ठरवून जागी राहिले. तिच्या उशाशी बसले.

वरच्या गोल झरोक्यातून ऊन सरळ खाली येत होतं. चुलीचा धूर सुतासारखा सरळ वर जात होता. वारा बिलकूल नाही.

एनेचा श्वास लांबला.

मग तिच्या रुमालाची टोकं हलली.

दोन्ही टोकं... हळूहळू... वर उचलली गेली.

मग तिच्या बारीक पांढऱ्या वेण्या. दोन्ही. छातीवरून सुटून सरळ छताकडे ताठ. जणू खालून, जमिनीतून, जोराचा वारा येत होता.

बाजूचा धूर तसाच सरळ.

मी मोजत होते. सहा... सात... आठ...

मला पुढे मोजवेना. मी तिचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवलं. वेण्या खाली पडल्या. तिनं डोळे उघडले, आणि एवढी रागावलेली एने मी वीस वर्षांत पाहिली नव्हती.

"का उठवलंस? अजून थोडं राहिलं होतं."

"एने... काय राहिलं होतं?"

तिनं रुमाल सारखा केला. मग म्हणाली, "तुला काही सांगायचंय का, पोरी?"

माझं तोंड उघडलं होतं. शब्द जिभेवर आला होता, देवाशपथ.

"जिपार!" दारातून हे ओरडले. "शिंगरं सुटलीत!"

एकही शिंगरू सुटलं नव्हतं. मी दोराशी जाऊन उभी राहिले आणि त्यांच्या पाठीवर बुक्के मारले. त्यांनी मारू दिले.

पुढे गावातल्या डॉक्टरीणबाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, झोप लागताना स्नायू एकदम सैल पडतात, मेंदू घाबरतो, हे साऱ्या जगाला होतं. मी मान डोलावली. वेण्यांचं विचारलं, तर त्यांनी मलाच झोपेची गोळी लिहून दिली. ती मी घेतली नाही. आजही दुपारी मी आडवी होत नाही. बसूनच डोळे मिटते, एका हातानं खुंटी धरून. लोक हसतात. हसू देत.

काका आले मंगळवारी सकाळी. पाच म्हातारे, दोन म्हाताऱ्या, आणि एवढा उशीर करूनही चेहऱ्यावर कामाला आल्याचा रुबाब. सगळ्यांनी आधी चहा घेतला. पावसाबद्दल बोलले. गवताबद्दल बोलले. एकानं घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, कुमिसची, तारीफसुद्धा केली! मी कोपऱ्यात दात आवळून उभी. पुढच्या चार तासांत मयत गावात पोचणार होतं.

मग दोघी म्हाताऱ्या सरकून एनेच्या दोन्ही बाजूंना बसल्या. हात धरले.

कितव्या मजल्यावरून, हे आम्ही विचारलंच नव्हतं. कंपनीचा कागद काकांच्या आतल्या खिशात होता, रशियन भाषेतला, घडी न मोडलेला. यांनीही तो पाहिला नव्हता.

काकांनी घसा साफ केला. डोळे मिटले.

"वहिनी, एक ससाणा होता. पाळलेला, लाडका. एक दिवस तो फार उंच उडाला..."

"भावोजी," एने म्हणाली.

काकांनी डोळे उघडले.

"ससाण्याला पंख असतात."



एनेनं दोन्ही म्हाताऱ्यांच्या हातांतून आपले हात सोडवून घेतले. शांतपणे. मग ते मांडीवर ठेवले.

"अकरा खिडक्या आहेत. सातवीत एक बाई कपडे वाळत घालतेय, ती बघते पण तिला कळत नाही. काल या पोरीनं मला आठवीपाशी उठवलं. आज पहाटे मी खालपर्यंत गेले."

काकांचा हात आपोआप आतल्या खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला.

"आठ दिवस तुम्ही सगळे चहा पिताय," एने म्हणाली. "माझा कुबात मेलाय."