समुद्राकडची खिडकी

१९५६ सालच्या मे महिन्यात, दुपार कलल्यावर, भागुबाई केरसुणी घेऊन नोराबाईंच्या घरी निघाली. घरमालक नजमुद्दीन शेठचा निरोप होता, नवे भाडेकरू येतायत, घर झाडून ठेव. काम साधंच. पण पाय का जड झालेत, ते तिचं तिलाच ठाऊक.

नोराबाई म्हणजे रेवदंड्याच्या दवाखान्यातल्या आयरिश नर्स. तीस वर्षांत मराठी अशी शिकल्या, की घासाघीस करताना कोळणींनीही हात टेकावेत. भागुबाईची गोदू त्यांच्याच हातावर जन्मली. पुढे त्या अंथरुणाला खिळल्या, तेव्हा भागुबाईच त्यांचं सगळं करायची.

"भागू, माझा श्वास सुटला की ही समुद्राकडची खिडकी उघड," त्या सांगायच्या. "आमच्या गावात जीव खिडकीतून जातो. फक्त वाटेत उभी राहू नको हं. आडोसा मिळाला की तो तिथंच बिऱ्हाड करतो, असं माझी आजी म्हणायची."

"उघडीन की," भागुबाईनं शब्द दिला होता.

आणि नेमकं बाईंच्या शेवटच्या दिवशी अवकाळी आभाळ भरून आलं. घराकडे बोंबील वाळत होते. नोराबाईंना घरघर लागलेली, बोट खिडकीकडे... आणि ही "आलेच" म्हणून पळाली. परतली तेव्हा सगळं आटोपलं होतं. बाईंचे डोळे बंद खिडकीकडेच लागलेले. शेजारी जमले, कुणीतरी खिडकीचं विचारलं. "उघडली व्हती, वारा लय म्हणून परत लावली," भागुबाई बोलून गेली. मग खोटं उघडं पडेल म्हणून ती उघडायची सोयच राहिली नाही. चार बोंबलांपायी! तिला स्वतःची शिसारी आली होती.

आज तिनं दार लोटलं. कोंडलेला औषधाचा वास आला. ती खोलीत गेली आणि थबकली. एवढ्या उकाड्यात खिडकीची काच आतून धुरकटली होती, तोंड जवळ नेऊन श्वास सोडावा तशी. धुरकटपणा विरला. पुन्हा आला. पुन्हा विरला...

"बाई... चुकलं माझं..."

तिनं कडी काढली, जोर लावला. खाऱ्या हवेनं लाकूड फुगलेलं, हलेना. तशी ती धावत बाहेर गेली, वाळूत पाय रोवले आणि दोन्ही हातांनी झडप ओढली. ती खाडकन उघडली. गार झुळूक थेट तोंडावर आली. तिला वास होता जळत्या मातीचा, नोराबाई सांगायच्या तसा त्यांच्या गावच्या चुलींचा, इथल्या कुठल्याच चुलीला न येणारा.

आपण कुठं उभ्या आहोत, हे भागुबाईला तेव्हा कळलं.

दिवेलागणीला गोदू चुलीपाशी भाकऱ्या थापत होती.

"आये, मघापासून काय पुटपुटतेस?"

"मी? मी गपच हाय."

"न्हाय गं... ही कुठली भाषा?"

भागुबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. तव्यावरची भाकरी करपली, तरी गोदू ऐकतच राहिली.