सगळ्यात वरची पोस्ट

खरं सांगतो, हे लिहिणारच नव्हतो. लिहिलं की खरं होतं, असं वाटत होतं. पण एलिएसेर म्हणाला, उद्याच्या आत लिहून ठेव.

चिलोए बेटावरच्या आमच्या गावाचा ऑनलाइन फोरम मी आणि एलिएसेर चालवतो. मी व्हिडिओ बघून बघून शिकलो, त्यामुळे तो अधूनमधून बंद पडतो. सगळ्यात वर एकच पोस्ट राहते. आम्ही दोघांनी ‘हो’ दाबल्याशिवाय ती लागत नाही. वर असेल ते अख्खं गाव वाचतं, म्हणून भांडणंही तिच्यावरूनच. हरवलेली मेंढी वर, की ओर्फेलिनाकाकूंचे विकायचे बटाटे?

आज सकाळी एका बिननावाच्या नव्या खात्यावरून पोस्ट आली: ‘दुपारी धुकं येईल. पातेली घेऊन किनाऱ्यावर या. वाजवत राहा.’

बाहेर लख्ख ऊन.

“कुणीतरी चेष्टा करतंय,” मी म्हटलं. “बटाटे लावू. नाहीतर काकू मलाच सोलतील.”

एलिएसेर हसला नाही. “बाबा एकटेच होडी घेऊन गेलेत शिंपल्यांना. होडीवरचा रेडिओ बिघडलाय.”

“हवामानवाले निरभ्र म्हणतायत.”

“काडीपैलवान, चुकलं तर काय होईल? चार पातेल्यांना पोचे पडतील. लाव.”

मी ‘हो’ दाबलं. पटलं नव्हतं. त्याचं तोंड बघवेना.

जेवणं व्हायच्या आत समोरचं बेट दिसेनासं झालं. मग होड्यांचा धक्का. मग स्वतःचे बूट. थंड, खारट, ओलं धुकं. लाटांचा आवाजही त्यात बुडाला. पण पोस्ट वाचून गाव आलं होतं. काकू मोठं पातेलं घेऊन, शिव्या देत: “माझ्या बटाट्यांची जागा खाल्लीस ना, मेल्या? आता वाजव!” आम्ही बडवत सुटलो. हात सुजले.

आणि होडीचं टोक दिसलं.

रुपेर्तोकाका! एलिएसेर कमरेएवढ्या पाण्यात धावला, बापाला मिठी मारून लहान पोरासारखा रडला. मीपण रडलो. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

घरी चुलीपाशी काका म्हणाले, “तुमचा गोंगाट अगदी काठाशी आल्यावर ऐकू आला रे. त्याआधी एकच पातेलं वाजत होतं. माझ्या पुढे. खोल पाण्यात. मी त्याच्या मागून आलो.”

“मग?”

“तुमचा आवाज आला, तसं ते थांबलं.”



मी फोन उघडला. त्याच खात्यावरून नवी पोस्ट आली होती, आमच्या ‘हो’साठी थांबलेली.

‘उद्या माझ्यासाठी वाजवाल का?’

एलिएसेरने वाचलं. वडिलांकडे पाहिलं. ते सूप पीत होते, नाक ओढत. त्याने ‘हो’ दाबलं आणि फोन माझ्या हातात दिला.

मीही दाबलं.

“आणि जे येईल,” तो हळूच म्हणाला, “त्याला दोर कोण टाकणार?”

“तू वाजव,” मी म्हटलं. “दोर मी टाकतो. पलीकडून कुणीही धरला तरी सोडणार नाही. शब्द देतो.”