भामटेकाकांची लाट

आमच्या कामात फसवायला एक माणूस मुद्दाम नेमलेला असतो. खूप लांब दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळले, की अवकाशात लाट उठते आणि आमचं यंत्र कणभर थरथरतं. हा माणूस अधूनमधून यंत्रात गुपचूप खोटी लाट सोडतो. आम्ही डोळे उघडे ठेवून काम करतो का, हे बघायला. खरं काय ते वर्षाच्या कामाच्या शेवटच्या दिवशी सांगतो. आमचे ते भामटेकाका. नाव वेगळं होतं, पण हाक हीच.

लाटेवरून त्या ताऱ्यांची दीर्घिका किती लांब आहे ते कळतं. ती किती वेगानं पळतेय ते आकाशाच्या पाहणीतून. दोन्ही गोष्टी हाती आल्या, की विश्व किती वेगानं पसरतंय ते सांगता येतं. माझी अकरा वर्षं त्यात गेली होती, आणि सगळा डोलारा एकाच दणदणीत लाटेवर उभा होता. ती खोटी निघाली, तर अकरा वर्षं पाण्यात!

शेवटच्या दिवशी दुपारी बैठकीच्या खोलीत सगळे जमले.

“काका, आता अंत नका पाहू. ती लाट तुमची?”

त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. “नाही गं. यंदा मी काहीच सोडलं नाही.”

एकच गलका! विश्व पसरण्याच्या वेगाचा झाकून ठेवलेला आकडा उघडला. इतका अचूक आजवर कुणालाच जमला नव्हता. जिंकलो होतो आम्ही! एरवी वाढदिवसालाही न हसणारी मी चक्क टेबलावर चढून नाचले.

काका मात्र बाहेर खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मी मागोमाग गेले.

“अहो, आज तरी तोंड पाडू नका!”

“खोटी लाट मी तयार केली होती,” ते हळूच म्हणाले. “हीच वेळ. हीच दीर्घिका. हेच तेरा कोटी प्रकाशवर्षं अंतर. मग वाटलं, यंदा पोरीला नको छळायला. न सोडताच पुसून टाकली.”

“योगायोग हो, काका!” म्हटलं मी. लाट खरी होती, म्हणजे ती काकांच्या कितीतरी आधी, तेरा कोटी वर्षांपूर्वीच निघालेली.

“आणखी एक केली होती. घाईत चुकलो. अंतरापुढची शून्यं द्यायची राहिली. नुसतं तेरा पडलं.”

तेरा प्रकाशवर्षं. म्हणजे अगदी शेजारी. तिथे असे तारे आदळले, तर इथे आमचं काय उरणार?

आत पुन्हा टाळ्या पडल्या. कुणीतरी मला हाका मारत होतं.

“तीही पुसलीत ना?”

“पुसली की. लगेच.”

त्यांनी पुन्हा चष्मा काढला.

“पहिलीसुद्धा लगेचच पुसली होती.”